कोरडा काळा

काळा रंग एकच असतो, हे बाईंना मान्य नव्हतं. रविवारी सकाळी बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडं असायचं आणि बाई अंगात शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना पांढरा कोट घालून पाटावर बसलेल्या असायच्या. कोट पांढरा फक्त नावाला. इंजिनातून काढलेले चार स्पार्क प्लग परीक्षानळ्यांच्या लाकडी स्टँडमध्ये ओळीनं उभे केलेले असायचे. पहिल्या सिलिंडरचा पहिल्या भोकात, दुसऱ्याचा दुसऱ्या. मी वरच्या खोलीतून पाण्याची बाटली भरायला खाली आले की हाक यायची.

"मुखेड, इकडे ये. सांग, कोणता काळा?"

माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्या मला माझ्या गावाच्या नावानंच हाक मारत. शाळेत एका नावाच्या पाच-पाच मुली असायच्या, त्यामुळे गावावरून ओळखायची सवय लागली, असं त्यांचं म्हणणं. मी प्लग हातात घ्यायची आणि म्हणायची, "काळा आहे, बाई." ते उत्तर शून्य मार्कांचं होतं. काळा म्हणजे काय काळा? तव्याखालच्या मशीसारखा की डोळ्यातल्या काजळासारखा? बोट लावलं तर भुकटी येते की चिकट लागतं? वास पेट्रोलचा की तेलाचा?

हळूहळू मी शिकले. प्लगच्या टोकावर भुकटीसारखी कोरडी काजळी असेल तर इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते. ओली, तेलकट काजळी असेल तर आतल्या रिंगा झिजल्या आहेत, खर्च मोठा आहे. टोक पांढरंफटक असेल तर इंजिन उपाशी आणि तापलेलं. आणि सगळं नीट असेल तर रंग येतो मारी बिस्किटाचा. बाईंच्या मते जगातला सर्वांत सुंदर रंग तोच होता. तसल्या रंगाची साडी त्या बऱ्याच दुकानांत शोधून आल्या होत्या, मिळाली नव्हती.

बाई जामबागेतल्या एका जुन्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करणारं. कोणी महसूल खात्यात, कोणी वकील. त्यांचे यजमानही वकील होते. ते मी आले त्याच्या आधीच गेले. बाई आता नाहीत, घरही नाही, तिथे पार्किंगवाली इमारत उभी आहे. मी अजून हैदराबादेतच असते, अंबरपेठेत, आणि कामावर जाताना त्या रस्त्यानं जायचं टाळत नाही. उलट जरा वाकडी वाट करून जाते.

त्यांच्याकडे खोली मागायला गेले ते शेवटचं घर होतं. त्याआधीच्या घरांत सगळं जुळायचं, मग पूर्ण नाव विचारलं जायचं, आणि मग अचानक आठवायचं की खोली पुतण्यासाठी ठेवलेली आहे. बाईंनी दारातच विचारलं, "बारावीला रसायन होतं?" मी हो म्हणाले. "ज्योत पिवळी कधी, निळी कधी?"

आमच्या शाळेत बर्नर होता, गॅस नव्हता. पण घरी लोडशेडिंगमध्ये कंदील असायचा. मी म्हणाले, हवा पुरेशी मिळाली की निळी, कमी पडली की पिवळी, आणि मग काजळी धरते. घरी वात मोठी केली की काच काळी व्हायची आणि आई ओरडायची.

"उद्या सामान आण," बाई म्हणाल्या.

आडनाव त्यांना काही महिन्यांनी कळलं, माझं एक पाकीट पोस्टमननं दारात मोठ्यानं वाचलं तेव्हा. त्यांनी पाकीट माझ्या हातात देऊन एवढंच सांगितलं की घर नंबर चुकीचा लिहिलाय, ऑफिसला कळव. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील गवंडीकाम करायचे, आई अंगणवाडीत मदतनीस. शहरात कुणी काही विचारलं की मी उत्तर द्यायला उभी राहायची, तशीच सवय होती. विमा कंपनीच्या ऑफिसात साहेब टेबलाशी आले तरी मी खुर्चीतून उठायची. बाईंना हे ऐकून हसू यायचं, पण त्यांनी प्रश्न विचारले की मात्र त्यांनाही मी उभी राहूनच हवी असायची.

प्लगवरून त्या माणसंही ओळखत. समोरच्या घरातले जावई दारू पीत, ते "ओले काळे". उपाय नाही, इंजिन उतरवावं लागेल. शेजारच्या तेलुगू ताई दिवसभर कुरकुर करत, त्या "कोरड्या काळ्या". त्यांच्यासाठी बाईंनी एक वाक्य राखून ठेवलं होतं. "कोरडा काळा हा आजार नाही गं, सवय आहे. तिला नुसती हवा पाहिजे." मग त्या ताईंना आवाज देऊन आपल्या गाडीतून भाजीला घेऊन जायच्या, आणि ताई परत आल्या की खरंच बऱ्या दिसायच्या, बहुधा जिवंत परत आल्याच्या आनंदानं.

कारण बाई गाडी फार हळू चालवत. कार्ब्युरेटरवालं जुनं मॉडेल, मऊ क्रीम रंगाचं. घर ते काचीगुड्याचा बाजार आणि परत, एवढीच तिची दुनिया उरली होती. दुसऱ्या गिअरच्या वर बाई जात नसत. थंड इंजिनाची हवा कमी करून पेट्रोल वाढवणारा चोक अर्धा ओढलेला ठेवत, म्हणजे गाडी मध्येच बंद पडत नाही. मागून ऑटोवाले हॉर्न मारत, बाजूनं जाताना आत डोकावून बघत. बाई म्हणायच्या, मशीन जपून वापरलं की जन्मभर टिकतं.

मी शेजारी बसायची. यजमान असताना डावी सीट त्यांची, त्यांना गाडी येत नव्हती, ते मांडीवर केसचे कागद घेऊन बसत. नंतर तिथे भाजीची पिशवी बसायची आणि आता मी. रस्त्यातही परीक्षा चालू असायची. समोर काय आहे? सिग्नलला काय लागलंय? तो माणूस कुठे बघतोय? मी धावतं वर्णन करायची. दुकानावर पाटी काय आहे, गाय बसलीय की उभी, पुढे गतिरोधक आहे. बाईंचं म्हणणं, लहान गावातून आलेली मुलं शहरात नजर खाली घालून चालतात, त्यांना बघायला शिकवावं लागतं. मला ते पटलं होतं. मला खरंच दिसायला लागलं होतं. घरी फोनवर मी आईला हैदराबाद असं सांगायची की आई म्हणायची, मला रस्ता पाठ झाला बाई तुझा.

बाईंचा मुलगा बंगळूरला असायचा. स्वभावानं चांगला, आईवर जीव असलेला, म्हणूनच गाडीच्या विरुद्ध. गाडीची नोंदणी संपत आली होती. नव्यानं करायची तर गाडी तपासून घ्यावी लागणार, आणि त्याआधी धुराचा दाखला लागणार. मायलेकांचं फोनवर भांडण झालं, आणि भांडणाच्या शेवटी सौदा. तपासणीत गाडी पास झाली तर मुलगा पुन्हा तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नापास झाली तर तो स्वतः येऊन तिला भंगारात देईल आणि बाई अडवणार नाहीत. बाईंनी शब्द दिला. बाईंनी दिलेला शब्द म्हणजे काय, हे त्यांच्या शाळेतल्या मुलींना विचारावं. प्रयोगवहीवर उद्या सही करीन म्हटलं तर तापातही करायच्या.

पेट्रोल पंपाजवळ धूर तपासणारा बसतो, त्याच्याकडे आम्ही गेलो. त्यानं नळी लावली, यंत्राकडे बघितलं आणि मान हलवली. गाडी काळा धूर ओकत होती. दाखला मिळायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवसापासून बाई शिकारीला निघाल्यासारख्या मागे लागल्या. काजळी कुठून येते? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा प्रयोगाचा नियम. पहिल्यांदा हवेचा फिल्टर नवा घातला. आठवडाभर काचीगुड्याच्या फेऱ्या, मग रविवारी प्लग बाहेर. "कोणता काळा?" कोरडा काळा. मग कार्ब्युरेटर खोलून जेट साफ केले, फ्लोटची उंची बघितली. कोरडा काळा. मग पेट्रोलचा पंप बदलला, हल्लीच्या पेट्रोलमध्ये काय काय मिसळतात म्हणून दोन दिवस बडबड केली. कोरडा काळा. मग चारही प्लग नवे आणले. आठवड्यात तेही काळे.

शेवटी अंबरपेठेतल्या उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे जुने मिस्त्री, बाईंच्या गाडीला ते वर्षानुवर्षं ओळखत होते आणि बाईंना "टीचरम्मा" म्हणत. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, गाडी चालू ठेवून आवाज ऐकला, चोकची दांडी बघितली आणि बाहेर येऊन हात पुसले.

"टीचरम्मा, गाडी में कुछ बी नै है. बच्चे के जैसा गोद में लेके फिर रै तुम इसको. गरम होने के पैले बंद कर दे रै. लंबा लेको जाव, खुली सडक पे. अपने आप साफ हो जाती."

बाईंना राग आला. इतका की घरी येईपर्यंत त्यांनी मला रस्त्यावरचा एकही प्रश्न विचारला नाही, आणि एका गतिरोधकावरून आमची डोकी टपाला लागली. "त्याला काय कळतं, उगाच परेशान करतो," एवढंच म्हणाल्या. मला नवल वाटलं, कारण उस्तादांचं म्हणणं तर त्यांच्याच पुस्तकातलं होतं. प्लग तापला की स्वतःवरची काजळी जाळतो, थंड राहिला की साठवतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. उपाय सोपा होता, फुकट होता. तरी एक रविवार गेला, दुसरा गेला, बाई गाडी लांब नेईनात. मुलाचा फोन आला की विषय बदलायच्या. जेवण कमी झालं. तपासणीची तारीख जवळ येत होती आणि त्या पुन्हा पुन्हा तोच फिल्टर झटकत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी हाक मारली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. खाली आले तर त्या पाटावर बसलेल्या, हातात प्लग धरलेला, माझ्यापुढे केलेला.

"सांग, कोणता काळा?"

मी बघितलं. प्लग कोरा होता. खोक्यातून नुकताच काढलेला, चिनी मातीचा भाग शुभ्र, टोक चकचकीत. मला वाटलं, काहीतरी युक्तीचा प्रश्न आहे. शाळेत निरीक्षक यायचे तेव्हा असं विचारायचे. मी थोडा विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"बाई, हा नवा आहे. पांढरा आहे."

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी अंगठ्यानं प्लगचं टोक चाचपलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि तो स्टँडमध्ये ठेवायला गेल्या तर भोक चुकलं. प्लग फरशीवर पडला. मी उचलून दिला.

आम्हाला शाळेत एक गोष्ट न शिकवता शिकवली होती. गुरुजी प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांना माहीत असतं. तुम्हाला येतं का, एवढंच ते बघत असतात. इतके महिने बाई मला विचारत होत्या आणि मी मार्कांसाठी उत्तरं देत होते. सिग्नल काय आहे, पाटीवर काय लिहिलंय, काळा कोणता. त्यांना खरंच माहिती हवी असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. गाडीबाहेर त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा बसले, तिथेच पायरीवर.

मग त्यांनी सगळं सांगितलं, धडा शिकवावा तसं, न थांबता. डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे परत येणारं नाही. मुलाला माहीत नव्हतं. "तुझं तोंड मी अजून बघितलेलं नाही, मुखेड. तुझे कान ओळखते मी. चांगले आहेत कान."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

"आता हिशेबानं बघ," बाई म्हणाल्या. "फिल्टर नाही. जेट नाही. फ्लोट नाही. पेट्रोल नाही. प्लग नाही. राहिलं कोण?"

मला उत्तर येत होतं. मी दिलं नाही.

"मी राहिले," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही म्हणून हळू. हळू म्हणून गाडी बंद पडते, म्हणून चोक. म्हणून काळे. मला हे पहिल्याच रविवारी कळलं होतं. बाकी सगळं कळलं नाही असं दाखवण्यासाठी."

उस्तादांवर राग का आला होता, ते मग कळलं. लांब रस्त्यावर गाडी पळवणं हा एकच उपाय होता, आणि नेमकं तेच त्यांना करता येणार नव्हतं. गाडी वाचवायची तर डोळ्यांचं कबूल करावं लागणार होतं. डोळे लपवायचे तर गाडी जाणार होती.

बाईंनी विचारलं, "तुला गाडी येते ना?"

नोकरी लागल्यावर मी अंबरपेठेतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते. लायसन्स काढलं होतं, पण त्याचा उपयोग फक्त ओळखपत्र म्हणून. माझ्या ओळखीत गाडी असलेलं कुणी नव्हतं. बाईंनी तर स्वतःच्या यजमानांनाही कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. त्यांनी कोटाच्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि डावीकडचं दार उघडून आत जाऊन बसल्या. एवढंच झालं. पण ते दार बंद होतानाचा आवाज मी विसरलेले नाही.

प्लग परत बसवून आम्ही भोंगीरच्या रस्त्याला लागलो. रामंतापूर, उप्पल जाईपर्यंत माझे हात घामानं चिकटत होते. बाई चिडचिड करत होत्या, गिअर असा नको, तसा नको. घटकेसर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तेव्हा म्हणाल्या, "चोक पूर्ण आत. आता दाब." मी दाबलं. आरशात काळ्या धुराचा लोट दिसला, मग राखाडी, मग काहीच नाही. मी न विचारता सांगत गेले. इंजिनाचा आवाज बदलला, घसा मोकळा झाल्यासारखा. बाई मान जरा तिरकी करून ऐकत होत्या. ताशी पन्नासच्या वर त्यांची गाडी किती वर्षांनी गेली होती कोण जाणे.

बीबीनगरच्या पुढे त्यांनी अचानक हुकूम सोडला. क्लच दाब, चावी बंद कर, हिला आपली आपण थांबू दे. प्लगचा खरा रंग बघायचा तर असंच थांबवावं लागतं. हळू होत, मग रेंगाळत थांबलं तर रंग पुन्हा बदलतो. आम्ही रस्त्याच्या कडेला, नुसत्या वाऱ्याच्या आवाजात थांबलो. मी पान्यानं प्लग काढला, चटका बसला, फडक्यात धरला.

बाईंनी विचारलं, पण या वेळचा आवाज बाईंचा नव्हता. "कसा आहे?"

"मारी बिस्किट."

"खरं सांगतेस? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

मी म्हणाले, चारही काढून दाखवते, बोट फिरवून बघा. त्यांनी चारही गार होऊ दिले, कोटाच्या बाहीवर एकेक घासले आणि बाही मला दाखवली. नवा डाग पडला नव्हता. मग बराच वेळ त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. ट्रक जात होते. मी प्लग परत बसवले.

धुराचा दाखला मिळाला. तपासणीही पार पडली. मुलाला बाईंनी फोनवर आधी गाडीचं सांगितलं आणि मग, त्याच फोनवर, डोळ्यांचं. दिलेला शब्द त्यानंही पाळला. गाडी आजही आहे, बंगळूरला, त्याच्या सोसायटीत आच्छादनाखाली. कधी फोन केला तर मी विचारते, चालवता का? तो म्हणतो, हो, महिन्यातून एकदा सोसायटीत एक चक्कर मारतो, जपून. फोन ठेवल्यावर मला तिचे प्लग डोळ्यांसमोर दिसतात. माझ्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराला मी एकदा म्हणाले, काढलेले जुने प्लग मला दाखव. त्याला वाटलं, माझा त्याच्यावर विश्वास नाही.

पण बीबीनगरच्या त्या दिवसानंतर आम्हाला मिळालेले रविवार होते. ते थोडेच होते, तरी होते. भोंगीर, यादगिरी, एकदा विकाराबादचं जंगल. बाई डावीकडून हुकूम सोडत आणि मी सांगत जायची, आणि आता मी सांगते ते त्यांच्यासाठी आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं, त्यामुळे बाईंना मार्क द्यावे लागत नसत. त्या आता म्हणायच्या, "डोंगर राहू दे, ती बाई काय विकतेय ते सांग."

मग एकदा आम्ही मुखेडला गेलो. संगारेड्डी, देगलूर करत, सकाळी निघून. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, विहाराजवळ लावावी लागते. बायका गोळा झाल्या. आईनं प्लास्टिकची खुर्ची आणली, बाईंना पाणी दिलं. भाकरी, ठेचा आणि पिठलं झालं. बाईंनी तीन वेळा पिठलं मागून घेतलं आणि आईला विचारलं, कंदिलाची काच काळी करणारी हीच का ती. आई लाजली.

हात धुताना आईनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "गाडी कुणाची गं?"

बाईंचे डोळे गेले होते, कान नव्हते. त्यांनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं.

"हिची आहे. मी नुसती बसते."

आई हात पुसत निघाली. विहारापर्यंत गेली आणि पदराच्या टोकानं बॉनेटवरची धूळ पुसायला लागली, एका कोपऱ्यापासून, घरातली भांडी पुसावीत तशी. मी बाईंना सांगितलं, आई गाडी पुसतेय.

"पुसू दे," बाई म्हणाल्या. "मग तिला एक फेरी मारून आण. डावीकडे बसव. मी मागे बसते."

मागे त्या कधी बसल्या नव्हत्या. इंजिनाचा प्रत्येक नट ज्यांना डोळे मिटून सापडायचा, त्यांना मागच्या दाराची कडी सापडेना. मी हात धरून दाखवली. त्या आत बसल्या, पुढच्या सीटच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले, आणि माझ्या आईला म्हणाल्या, "वहिनी, घट्ट बसा. ही आता जपून चालवत नाही."